परात आणि थाळी : रानातले दोन कॅमेरे



आमच्या गटाने गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीसाठी फोटो काढायचं काम अंगावर घेतलं, तेव्हापासून एकच प्रश्न वारंवार येतो. महागडा फुल-फ्रेम कॅमेरा घ्यायचा की स्वस्तातला क्रॉप-सेन्सर? प्रश्न गटाच्या पैशाचा आहे, म्हणून आज त्यावरच बोलू.

ही नोंदवही २००२ च्या जैवविविधता कायद्यातून आली. आपल्या शिवारात कोणतं झाड, कोणता पक्षी, कोणतं फूल आहे, हे तिच्यात लिहायचं. उद्या कुणी म्हणालं, "या माळावर काय आहे? नुसतं गवत!" तर वहीतला स्वच्छ फोटो आपल्या बाजूने बोलतो. म्हणून फोटो ओळखू येईल असा हवा.

कॅमेऱ्याच्या पोटात जिथे चित्र उमटतं, तो तुकडा म्हणजे सेन्सर. फुल-फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे जुन्या रोलवरच्या एका फोटोएवढा. क्रॉपचा साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, कॅननचा त्याहून किंचित लहान. क्षेत्रफळ काढलं तर मोठा हा लहानाच्या सव्वादोन पटींहून थोडा जास्तच भरतो.

पावसात अंगणात परात आणि थाळी शेजारी ठेवा. पाऊस तोच, पण परातीत पाणी जास्त साठतं. उजेडाचंही तसंच. देवराईतल्या दाट सावलीत, पहाटे, तिन्हीसांजेला फुल-फ्रेमच्या फोटोत दाणे कमी दिसतात. सगळा माळ एका फोटोत घ्यायचा तरी हाच बरा. १६ मिलिमीटरची लेन्स याच्यावर भरपूर रुंद दाखवते. तीच क्रॉपवर लावली तर २४ मिलिमीटरएवढंच दिसतं.

मग लहान सेन्सर कशाला? मोठी पोळी लाटून मधोमध वाटीने पुरी कापा. क्रॉप सेन्सर लेन्सने दाखवलेल्या चित्राची अशी मधलीच पुरी घेतो. म्हणून ३०० मिलिमीटरची लेन्स त्याच्यावर ४५० सारखी जवळची वाटते. लेन्स काही लांब होत नाही, फक्त कडा गळतात. पण फायदा खरा आहे. दोन्ही कॅमेरे २४ मेगापिक्सेलचे धरा. क्रॉपमध्ये सगळे २४ त्या पुरीतच असतात. फुल-फ्रेमचा फोटो तेवढाच कापला तर साधारण साडेदहा उरतात. शेंड्यावर बसलेला हरियाल किंवा फांदीवरून पळणारं शेकरू लांब असतं, तेव्हा पिसांची, केसांची खूण क्रॉपमध्ये जास्त उमटते. आणि एक लक्षात ठेवा : मोठ्या सेन्सरचा फोटो कापला की त्याचा उजेडाचा फायदाही बराचसा जातो. परात भरली आणि थाळीपुरतं ठेवून बाकीचं ओतून दिलं, तसं.

म्हणजे दोघींची कामं वेगळी. माळ, देवराई, कमी उजेड असेल तर फुल-फ्रेम. लांबचे पक्षी आणि प्राणी असतील तर क्रॉप. दोन्ही असले तर एकावर रुंद आणि दुसऱ्यावर लांब लेन्स कायमची लावून ठेवा. रानात लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसते, ते टळतं. आणि लेन्स बदलेपर्यंत पक्षीही उडून जातो. निघण्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांची तारीख-वेळ एकच लावा, नाहीतर नोंदींचा क्रम लावताना घोळ होतो.

आता खरेदी. दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे आणि लेन्स बसवायची खाच एकच असलेले बघा. फुल-फ्रेमसाठी बनवलेली लेन्स क्रॉपवर नीट चालते. क्रॉपची लेन्स फुल-फ्रेमवर लावली तर कोपरे काळे पडतात किंवा कॅमेरा स्वतःच फोटो कापतो. म्हणून हात आखडता असेल तर आधी क्रॉप कॅमेरा घ्या आणि उरलेला पैसा फुल-फ्रेमला चालेल अशा चांगल्या लांब लेन्सवर घाला. पुढे मोठा कॅमेरा आला तरी लेन्स वाया जात नाही. ३०० मिलिमीटरची लेन्स क्रॉपवर हातात धरून फोटो काढताना शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा कमी ठेवू नका, फोटो हलतो.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा त्यात ठेवा.

शेवटचं, आणि आमच्या मते सगळ्यात मोठं. घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नका, घरट्याची जागा मोबाईलवर पाठवू नका. फोटोखाली तारीख, जागा आणि आपल्या आजी-आत्या त्या झाडापाखराला जे नाव घेतात ते नाव लिहा. ते नाव कोणताच सेन्सर टिपत नाही, ते आपल्यालाच लिहावं लागतं.