अग्निबाणाच्या तळाची जागा कशी ठरते?

वातावरणाचे खालचे थर तपासण्यास फुगे पुरतात. परंतु सुमारे ४० किलोमीटरांच्या वर फुगा सहसा जात नाही. उलट, सुमारे २०० किलोमीटरांच्या खाली उपग्रह फार काळ टिकत नाही, कारण तेथील विरळ हवाही त्याची गती मंद करते. या दोहोंमधील थरात प्रत्यक्ष मोजमाप करावयाचे, तर उपकरणे अग्निबाणानेच पाठवावी लागतात. असा अग्निबाण पृथ्वीप्रदक्षिणा करीत नाही. तो वर जातो, काही मिनिटे बिनतारी संदेशाने माहिती पाठवितो आणि खाली पडतो. म्हणून त्याचा तळ बहुधा समुद्रकाठी असतो.

परंतु समुद्रकाठ एवढेच पुरेसे नाही. मस्तकावर जे पाहावयाचे, त्यावरून पायाखालची जागा ठरते. हे समजावून देण्यास वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. लांब सुई मध्यावर दोऱ्याने बांधून आडवी तोलावी. नंतर दोऱ्याची गाठ न हलविता सुई लोहचुंबकावर एकाच दिशेने घासावी. पुन्हा टांगल्यावर ती दक्षिणोत्तर स्थिर होते. शिवाय वसई-विरारकडे तिचे उत्तरेकडील टोक खाली झुकते. हीच सुई आर्क्टिक प्रदेशात जवळजवळ उभी राहील, तर चुंबकीय विषुववृत्तावर आडवी राहील.

आर्क्टिकमध्ये विद्युत्भारित कण चुंबकीय रेषांवरून खाली उतरतात व हवेवर आदळून ध्रुवीय प्रकाश उत्पन्न करतात. त्याच्या अभ्यासासाठी नॉर्वेमधील अँडोया बेटावरून १८ ऑगस्ट १९६२ रोजी पहिला अग्निबाण सुटला. पुढे १९९७ मध्ये स्वालबार्ड येथील न्यू-ऑलेसुंद गावीही असा तळ झाला. याच गावी २००८ मध्ये भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र उघडले.

भारताला शोध हवा होता तो चुंबकीय विषुववृत्तावर, सुमारे १०० किलोमीटर उंचीवर दिवसा वाहणाऱ्या तीव्र विद्युत्प्रवाहाचा. त्या काळी ही रेषा केरळातील थुंबा गावाजवळून जात होती. जागेच्या पाहणीत कोल्हापुरात जन्मलेले डॉ. एकनाथ चिटणीस यांचा मोठा वाटा होता. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी सायंकाळी तेथून पहिला अग्निबाण सुटला. त्याने वर सोडलेल्या सोडियमच्या वाफेवर, खाली अंधार पडत असताही, सूर्यप्रकाश पडून नारिंगी ढग दिसला. त्याच्या सरकण्यावरून तेथील वाऱ्याचा वेग काढता येतो.

थुंबा हे अर्नाळ्यासारखेच मच्छीमारांचे गाव होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्या संमतीने तेथील सेंट मेरी मॅग्डलीन चर्च या कार्यास मिळाले व प्रारंभीचे काम त्याच वास्तूत चालले. आज तेथे अवकाश संग्रहालय आहे. मच्छीमार कुटुंबांना मात्र आपली घरे सोडून अन्यत्र जावे लागले. शिक्षकांनी अग्निबाणाची माहिती देताना, आकाशातील या शोधासाठी जमिनीवर कोणी काय सोडले, हेही विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे. किनाऱ्यावरील मुलांना ते सहज उमगेल.