आधी फटी बुजवा

पुढच्या दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवलं होतं आणि त्यातल्या गोल भोकात पंखा. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा 50 पास्कलने खाली आणतो. घराला चहूबाजूंनी ताशी तीसेक किलोमीटरचा वारा लागावा, तितका हा ताण. कॅनडातल्या रिजायना शहरातलं हे लाकडी घर माझ्या मावसबहिणीचं. थंडी खिडक्यांतूनच येते याबद्दल ताईची खात्री होती.

हवेची गळती शोधायला आलेल्या तपासनिसाने धुराची नळी खिडकीशी धरली. धूर जेमतेम हलला. मग तो आम्हाला तळघरात घेऊन गेला. काँक्रीटच्या पायावर लाकडी सांगाडा टेकतो, तिथे "हात धरून बघा," म्हणाला. बोटं बधिर करणारा झोत! वरच्या मजल्यावर विजेच्या खोक्यांतून, सिंकखालच्या पाइपाभोवतून, माळ्याच्या झडपेच्या कडेने गार हवा आत घुसत होती.

माळ्यावर त्याने ऊब राखण्यासाठी अंथरलेले फायबरग्लासचे गुलाबी थर उचलले. खालून ते जागोजाग काळे पडलेले. मला ती बुरशी वाटली, पण ती धूळ होती. खोल्यांतली गरम हवा वर्षानुवर्षं फटींतून वर जाताना त्या थरांत गाळली गेली होती. काळं दिसेल त्याच्याखाली भोक असणारच. गरम हवा वरून निसटते आणि तिची जागा घ्यायला तळातून थंड हवा शिरते. हिवाळाभर घर धुराड्यासारखं ओढत राहतं. निसटणाऱ्या हवेत स्वयंपाकाची, अंघोळीची वाफ असते. ती छपराच्या फळ्यांवर आतून गोठते आणि ऊन वाढलं की वितळून टपकते. ताईच्या बेडरूमच्या छतावरचे पिवळे डाग त्याचेच. छप्पर गळतं समजून तिने ते विनाकारण दुरुस्त करून घेतलं होतं.

पाइपांभोवती फोम भरला. घर तापवणाऱ्या भट्टीच्या धुराड्याभोवती मात्र पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंट, कारण तिथे साधा फोम धोक्याचा. वाकून, रांगत करायचं हे काम फार वेळ खातं. मग माळ्यावर ऊब राखणारा, जुन्या वर्तमानपत्रांचा बोरेट मिसळलेला भुगा नळीने पसरणं त्यामानाने लवकर उरकतं. वळचणीकडची हवेची वाट तेवढी मोकळी ठेवायची. काही ठेकेदार थेट भुग्यावरच येतात. जाडी पट्टी लावून दाखवता येते, बुजवलेली फट त्याखाली झाकली जाते. मला हा बेजबाबदारपणा वाटतो. सैल भुगा गळती पुरती अडवत नाही, आणि एकदा तो पडला की खालची भोकं शोधणं महाकठीण.

याच शहरात 1977 साली सस्कॅचवान कन्झर्वेशन हाउस बांधलं गेलं : जाड भिंतींचं, जवळपास हवाबंद, नेहमीची भट्टी नसलेलं. शिळी हवा बाहेर सोडताना तिची ऊब ताज्या हवेला देणारं यंत्र त्यात होतं. घर असं बंद केलं तर गुदमरायला होईल, ही भीती अनेकांना वाटते. पण फटींतली हवा तळघराच्या कोपऱ्यांतून, माळ्याच्या धुळीतून येते. तिला ताजी कशी म्हणायची? ताईकडेही तसं यंत्र बसायचंय. त्याआधी घट्ट झालेल्या घरात भट्टीचा धूर उलटा खोलीत येत नाही ना, हे तपासनीस बघून जाणार आहे.