थरारक चित्रपट : उसने काय, स्वतःचे काय?



मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता. चित्रपटकलेचे शिक्षण मी घेतलेले नाही. जे समजले ते तिकीट काढून आणि वाचनालयातील पुस्तके वाचून. थरारक चित्रपट पाहून बाहेर पडताना एक तक्रार हटकून ऐकू येते : ‘गोष्ट चोरलेली आहे हो!’ ती पुष्कळदा खरीही असते. १९६२ च्या ‘बीस साल बाद’मागे कॉनन डॉयल यांची बास्करव्हिल घराण्याच्या कुत्र्याची कथा आहे, १९६४ च्या ‘कोहरा’मागे ‘रेबेका’ ही कादंबरी. पण कथानक उसने ठरले, एवढ्यावरून चित्रपटात स्वतःचे काही नाही असे म्हणता येईल काय? मला तसे वाटत नाही. उदाहरणच घेऊ.

१९५३ साली आंरी-जॉर्ज क्लुझो या फ्रेंच दिग्दर्शकाने एक चित्रपट काढला. त्याच्या नावाचा अर्थ ‘भीतीची मजुरी’. तोही जॉर्ज आर्नो यांच्या कादंबरीवरूनच घेतलेला. दक्षिण अमेरिकेतील एका भकास गावात देशोदेशींचे बेकार अडकून पडले आहेत. दूरवर अमेरिकन कंपनीच्या तेलविहिरीला आग लागते. ती विझवायला नायट्रोग्लिसरीन हवे. जरा हिसका बसला की त्याचा स्फोट होतो. ते दोन मालमोटारींतून खडबडीत रस्त्याने न्यायचे. त्यासाठी चौघे निवडले जातात. माणशी दोन हजार डॉलर.

येथे खुनी कोण, हे शोधायचे नाही. गाडीत काय आहे, हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. हिचकॉक सांगत असत की, टेबलाखालचा बॉम्ब अवचित फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण तो तेथे आहे हे आधी कळले, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही तो जीव मुठीत धरून ऐकतो. क्लुझोने हेच साधले आहे. मागच्या गाडीतला एक जण सिगारेट वळत असतो. कागदावरची तंबाखू एकाएकी उडून जाते. पुढे गेलेल्या गाडीचा स्फोट झालेला असतो.

पण ही भीती आली कोठून? कंपनीचा अधिकारी हे काम बेकारांना देतो, कारण त्यांना युनियन नाही आणि त्यांच्यामागे दाद मागणारे कुटुंब नाही. चौघांतला लुईजी सिमेंटचे काम करणारा. त्या धुळीने त्याची फुप्फुसे खाल्ली आहेत. गावात राहिला तरी मरण ठरलेलेच.

हे पाहताना मला एका कारखान्यातील रसायनाची टाकी आठवली. ती साफ करायला कायम कामगार उतरवायचा, तर आम्ही आधी वायूची तपासणी, दोर आणि वर उभा राहणारा माणूस मागत असू. म्हणून कंत्राटदाराने नाक्यावरून दोन पोरे आणली. आम्ही त्यांना टाकीच्या तोंडाशीच अडवले. त्यांतला एक उलट माझ्यावरच चिडला : ‘काका, माझी आजची हजेरी तुम्ही देणार का?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते.

क्लुझोच्या चित्रपटातला थरार त्या पोराच्या प्रश्नातून निघतो. म्हणून गोष्ट उसनी असूनही चित्रपट अस्सल आहे. पुढे १९७७ मध्ये विल्यम फ्रीडकिन यांनी तीच गोष्ट ‘सॉर्सरर’ या नावाने पुन्हा सांगितली, आणि चित्रपट क्लुझोलाच अर्पण केला. हे चौघे आपापल्या गावांतून परागंदा का झाले, हे त्यांनी आधी दाखवले. पहिल्या चित्रपटात नसलेला, वादळात झुलत्या पुलावरून मालमोटार नेण्याचा प्रसंग घातला. उसने घेतले, ते उघडपणे घेतले आणि त्यात स्वतःची भर टाकली.

उसने घेण्यात कमीपणा नाही, लपवण्यात आहे. त्याहून मोठा कमीपणा, दुसऱ्याचा धक्का तेवढा उचलायचा आणि त्यामागचे कारण तेथेच सोडून यायचे, यात आहे. तेव्हा पुढचा थरारक चित्रपट पाहताना ‘हे कोठून घेतले?’ असे जरूर विचारा. पण त्याबरोबर, ‘या माणसाला संकटाच्या दारात कोणी आणून उभे केले?’ हेही विचारा. त्याचे उत्तर चित्रपटात सापडले, तर तिकिटाचे पैसे फिटले असे समजावे.