लखनौहून पोखरा : स्वतःच्या मोटारीने शेजारच्या देशात

परदेश प्रवास म्हटला की पारपत्र, व्हिसा, विमानाचे तिकीट आणि डॉलर यांचीच आठवण प्रथम होते. तथापि यांपैकी बहुतेक गोष्टींवाचून, घरच्याच मोटारीने जाता येईल असा निसर्गरम्य परदेश आपल्या अगदी शेजारी आहे. तो म्हणजे नेपाळ. लखनौच्या रायबरेली मार्गावर उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेने वृंदावन योजना ही विस्तीर्ण वसाहत वसविली आहे. बदलीच्या निमित्ताने तेथे येऊन राहिलेले एखादे मराठी दांपत्य पहाटे मोटारीने निघाले, तर त्याच दिवशी सोनौलीच्या सीमेवर पोहोचते. हे अंतर पुणे-गोवा अंतराहूनही कमी आहे.

मात्र सीमेची कमान ओलांडताच कायदा, चलन व विम्याचे संरक्षण या तिन्ही गोष्टी बदलतात. म्हणून अशा सहलीची पूर्वतयारी येथे क्रमाने पाहू.

मार्ग

वृंदावन योजनेतून शहीद पथाने फैजाबाद रस्त्यावर यावे. पुढे बाराबंकी, अयोध्या, बस्ती, गोरखपूर आणि नौतनवा यांवरून सोनौली गाठता येते. सीमेपलीकडे लागते भैरहवा. तेथून सुमारे वीस किलोमीटरवर बुद्धाचे जन्मस्थान लुंबिनी आहे. तेथील अशोकस्तंभ १८९६ मध्ये पुन्हा प्रकाशात आला आणि १९९७ मध्ये हे स्थळ जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. पहिला मुक्काम येथे केल्यास दुसऱ्या दिवशी घाटाचा रस्ता ताज्या मनाने चढता येतो.

बुटवलनंतर तराईचा सपाट प्रदेश एकाएकी संपतो व भारताच्या साहाय्याने बांधलेला सिद्धार्थ राजमार्ग डोंगरात शिरतो. सोनौली ते पोखरा हे अंतर सुमारे १८० किलोमीटर आहे. परंतु वळणे, चढ आणि रस्त्याची कामे लक्षात घेता त्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा. बुटवलजवळील सिद्धबाबा मंदिराचा परिसर दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे. म्हणून जून ते सप्टेंबर हे पावसाळी महिने टाळावेत. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हा काळ उत्तम होय. घाटात सूर्यास्तानंतर मोटार न चालविण्याचा नियम प्रत्येकाने स्वतःस घालून घ्यावा.

वाटेतील तानसेन हे पाल्पा जिल्ह्याचे ठिकाण ढाका टोपीचे विणकाम आणि धातूच्या करुव्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथून काही अंतरावर काली गंडकीच्या काठी राणी महाल उभा आहे. खड्ग शमशेर राणा यांनी आपली दिवंगत पत्नी तेजकुमारी हिच्या स्मरणार्थ तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला. पुढे रामदी येथे राजमार्ग हीच नदी ओलांडतो. आपल्या देवघरातील शाळिग्राम ज्या नदीत सापडतो, ती ही गंडकी. मराठी प्रवाशाचे हात तेथे आपोआप जोडले जातात.

पोखरा येथे फेवा तलावाच्या काठी उभे राहिले की समोर अन्नपूर्णा पर्वतरांग दिसते. तलावाची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम आठशे मीटर आहे, तर ६,९९३ मीटर उंचीचे माछापुछ्रे शिखर तेथून नजरेच्या टप्प्यात असते. इतक्या कमी अंतरात इतकी उंची हेच या दृश्याच्या भव्यतेचे रहस्य होय. पलीकडील ८,०९१ मीटर उंचीचे अन्नपूर्णा शिखर ३ जून १९५० रोजी फ्रेंच गिर्यारोहकांनी सर केले. आठ हजार मीटरवरील शिखरावर मानवाचे पाऊल पडण्याची ती पहिलीच वेळ होती. सूर्योदय पाहण्यासाठी सारंगकोटच्या टेकडीवर पहाटेच जावे.

कागदपत्रे

३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे भारतीय नागरिकास नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. ओळखीसाठी पारपत्र अथवा मतदार ओळखपत्र जवळ असावे. केवळ आधारपत्रावर विसंबू नये.

मोटारीसाठी मात्र नेपाळी सीमाशुल्क कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. तिला तेथे 'भन्सार' म्हणतात. जितके दिवस राहायचे, तितक्या दिवसांचे शुल्क आधी भरून पावती घ्यावी. नोंदणी प्रमाणपत्र, वाहन परवाना व विमापत्र यांच्या मूळ प्रती बरोबर असाव्यात. पावतीवरील दिनांक विक्रम संवतानुसार असतो, म्हणून मुदत संपण्याचा इंग्रजी दिनांक तेथेच विचारून लिहून ठेवावा. मुदत उलटल्यास दंड भरावा लागतो. परवानगीविना मोटार नेल्यास ती जप्तही होऊ शकते. वाहन दुसऱ्याच्या नावे असल्यास मालकाचे अधिकारपत्र आवश्यक आहे.

पैशांचा विचार

ग्राहक शाखेत येऊन नेपाळसाठी परकीय चलन मागतात, तेव्हा त्यांना नकार मिळतो आणि पुष्कळांना त्याचे आश्चर्य वाटते. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील २००० सालच्या नियमांनुसार नेपाळ व भूतानच्या प्रवासासाठी परकीय चलन देण्यास मनाई आहे. कारण सोपे आहे : या देशांत भारतीय रुपया चालतो. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून १०० भारतीय रुपयांस १६० नेपाळी रुपये असा स्थिर आहे. दुकानदार किंमत सांगताना 'आयसी' (भारतीय चलन) की 'एनसी' (नेपाळी चलन) हे ऐकून घ्यावे. ४,००० 'एनसी' भाड्याची खोली म्हणजे २,५०० भारतीय रुपये. हा एक शब्द ऐकायचा राहिला, तर दीडपटीहून अधिक रक्कम हातची जाते.

रोख रक्कम शंभर रुपयांपर्यंतच्या नोटांत न्यावी. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने त्याहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. मोठ्या नोटांविषयीचे नियम दोन्ही देशांत वेळोवेळी बदलत आले आहेत, म्हणून निघण्याच्या आठवड्यात शाखेत चौकशी करावी. नोव्हेंबर २०१६ च्या निश्चलनीकरणानंतर नेपाळी कुटुंबांकडील जुन्या भारतीय नोटा अडकून पडल्या. तेथील माणूस मोठी नोट घेताना का कचरतो, हे त्यावरून समजेल.

आपल्या डेबिट कार्डावर 'भारत, नेपाळ व भूतान येथे वैध' असा मजकूर आहे काय, हे पाहून घ्यावे आणि शुल्कही विचारावे. मार्च २०२४ पासून नेपाळमधील काही व्यापाऱ्यांकडे तेथील 'फोनपे' जाळ्याच्या साहाय्याने यूपीआयने पैसे देता येतात. परंतु डोंगरात वीज व संपर्क यांची शाश्वती नसते, म्हणून दोन दिवसांचा खर्च रोखीने जवळ असावाच. उरलेले नेपाळी चलन परतण्यापूर्वी बदलून घ्यावे.

विमा : सर्वांत महत्त्वाची बाब

आपल्या मोटार विम्याचे भौगोलिक क्षेत्र सामान्यतः भारतापुरते असते. सीमेपलीकडे अपघात झाल्यास असा विमा उपयोगी पडत नाही. मोटार बँकेच्या कर्जावर घेतली असेल, तर प्रसंग अधिकच कठीण होतो. वाहन दरीत गेले तरी कर्ज कायम राहते, आणि हप्ते बचतीतून किंवा निवृत्तिवेतनातून फेडावे लागतात. यावर उपाय स्वस्त आहे. थोडा अधिक हप्ता भरून विमापत्रात नेपाळपर्यंत क्षेत्रविस्तार करून घेता येतो. तो निघण्यापूर्वीच आणि लेखी घ्यावा. कर्जाच्या करारातील अटी पाहून शाखेचे ना-हरकत पत्रही मागावे.

हेच आरोग्य विम्याचे. अनेक पॉलिसी फक्त भारतातील उपचारांचा खर्च देतात. वयस्क दांपत्याने वेगळा प्रवास विमा घेणे हिताचे ठरेल. पोखऱ्याहून मुक्तिनाथला जाण्याचा मोह होतो, परंतु ते स्थान ३,७०० मीटरहून उंच आहे व रस्ता खडतर आहे. हृदयविकार वा दमा असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून तेथे जाऊ नये.

निघण्यापूर्वी

घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे. नेपाळची वेळ आपल्यापुढे तेवढीच आहे. शनिवार हा तेथील सुटीचा दिवस असल्याने कार्यालयीन काम त्या दिवसावर टाकू नये. वाहने आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात. सर्व कागदांच्या प्रतींचा एक संच सोबत न्यावा व दुसरा घरी विश्वासू व्यक्तीकडे ठेवावा. दोघांपैकी एकाच्याच नावे खाते व कार्ड असेल, तर दुसऱ्याच्याही हाती पैशांची स्वतंत्र सोय असावी. परक्या मुलखात एक आजारी पडल्यास सारा भार दुसऱ्यावर येतो.

एवढी व्यवस्था केली की मन निर्धास्त राहते आणि हिमशिखरांकडे मोकळेपणाने पाहता येते. वाचकांचा प्रवास सुखाचा होवो!