ट्यूब गेली, स्कूटर गेली, टिकले काय?

१९८२च्या एशियाडने दूरदर्शनला रंग दिला आणि त्याच दशकात तेव्हाच्या औरंगाबादेत घराघरांतल्या दोन वस्तू घडू लागल्या: पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही आणि १९८५पासून वाळूजला बजाजच्या गाड्या. पुढे दोन्हींचे तंत्र पालटले. पिक्चर ट्यूबच्या जागी सपाट पडदा आला, गिअरच्या स्कूटरला मोटारसायकलने मागे टाकले. परिणाम मात्र सारखा झाला नाही. बजाजने २००१ मध्ये पल्सर आणली, २०१०च्या सुमारास स्कूटर बनवणेच थांबवले, तरी वाळूजचा कारखाना चालू राहिला. व्हिडिओकॉनने, सपाट पडदे बाजारात शिरत असतानाच, २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

कंपनी बुडाली ती कर्जामुळे, दूरसंचार आणि तेलक्षेत्रातल्या उड्यांमुळे. त्यात तंत्राचा काय दोष, असे कोणी म्हणेल. कर्ज हेच मोठे कारण, यात वाद नाही. पण ती एका कंपनीची गोष्ट झाली. टीव्हीचे पॅनेल आजही देशाला मुख्यतः आयात करावे लागते, ही अडचण सगळ्यांचीच आहे. मोटारसायकलचे सुटे भाग पुरवणारे कारखाने वाळूजच्या आसपास उभे राहिले. पॅनेलची कारखानदारी इथे आलीच नाही. म्हणून नव्या उद्योगाला जमीन देताना जुळणी किती होणार यापेक्षा मुख्य भाग कुठे बनणार, हे आधी विचारायला हवे.