रक्त दोघींचं कमी, गोळी मात्र एक नाही
(जीवनसत्त्वं आणि खनिजं : भाग ५)

गेल्या आठवड्यात आपण लोहाविषयी बोललो. तो भाग वाचून घरात जो जो फिका दिसेल त्याला लोहाची गोळी सुरू करावी, असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्या नागपूरकडे असं करण्याआधी एक तपासणी व्हायलाच हवी. ती का, ते आज पाहू.

एक घर डोळ्यांसमोर आणा. दोन बहिणी. थोरली १७ वर्षांची. पाळीत तिच्या अंगावरून फार जातं, जिना चढताना धाप लागते. धाकटी ११ वर्षांची. तिचे डोळे अधूनमधून पिवळे दिसतात आणि हातपाय असे ठणकतात की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. दोघींचं हिमोग्लोबिन ८ च्या आसपास. थोरलीसाठी लिहून दिलेल्या लोहाच्या गोळ्या आई दोघींनाही देते. दोन-तीन महिन्यांत थोरलीच्या चेहऱ्यावर तकाकी येते. धाकटी आहे तिथेच.

धाकटीला सिकलसेल आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हा आजार अनेक घरांत आहे. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं, तर मुलाला तो होतो. यात गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि लवकर फुटते. निरोगी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. फुटलेल्या पेशींतल्या रंगद्रव्यामुळे डोळे पिवळे होतात. कित्येक घरांत ती साधी कावीळ समजून झाडपाल्याचं औषध चालू राहतं आणि खरा आजार मागेच राहतो.

आता लोहाचं पाहा. थोरलीच्या शरीरातून रक्त बाहेर जातं, त्याबरोबर लोहही जातं. धाकटीच्या पेशी मुख्यतः शरीरातच फुटतात. त्यांतलं लोह मोडीत घातलेल्या पितळेसारखं पुन्हा वापरात येतं. तिची ओढाताण होते ती वेगळ्याच ठिकाणी. अस्थिमज्जेला सतत नव्या पेशी घडवाव्या लागतात आणि प्रत्येक नव्या पेशीच्या डीएनएसाठी फॉलिक आम्ल लागतं. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टर रोज फॉलिकची छोटी पिवळी गोळी देतात.

या जीवनसत्त्वाचा शोध आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर तिथे आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक जीवघेणा रक्तक्षय त्यांना दिसला. यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलं. अर्कातला तो घटक नेमका काय, हे तेव्हा कळलं नव्हतं. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ टन पालकातून तो वेगळा काढला आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून, फोलियमवरून, त्याचं नाव पडलं.

लोहाच्या सरकारी गोळीतही फॉलिक असतंच, मग वेगळी गोळी कशाला, असा प्रश्न पडेल. मोठ्यांच्या त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि अर्धा मिलिग्रॅम फॉलिक असतं. औषधाच्या दुकानातली फॉलिकची नेहमीची गोळी ५ मिलिग्रॅमची, म्हणजे दहापट. अमेरिकेत १९९८ पासून धान्याच्या पिठातच फॉलिक मिसळतात, त्यामुळे तिथे रोजच्या गोळीची गरज किती, यावर चर्चा होते. आपल्याकडच्या रुग्णानं त्यावर विसंबून गोळी बंद करू नये.

लोहाबाबत सावध का राहायचं? ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्या शरीरात प्रत्येक पिशवीबरोबर २०० मिलिग्रॅमहून जास्त लोह जातं. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात, हृदयात साचत जातं. तरीही सिकलसेलच्या मुलीला लोह कधीच द्यायचं नाही, असं नव्हे. तिलाही लोहाची कमतरता असू शकते. फेरिटिनच्या, म्हणजे लोहाच्या साठ्याच्या, तपासणीत ती दिसली, तर डॉक्टर लोह देतात. अंदाजानं मात्र देऊ नये.

पालक, मेथी, हरभऱ्याची भाजी, बरबटी, मूग, तुरीचं वरण आणि आपला संत्रा यांत फॉलिक असतं. ते पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं नष्ट होतं. म्हणून भाजी आधी धुऊन मग चिरा, थोड्या पाण्यात शिजवा आणि ते पाणी फेकू नका. सिकलसेलच्या रुग्णाला मात्र आहाराच्या जोडीला गोळीही लागते. आणि फॉलिक म्हणजे या आजाराचा इलाज नव्हे. हायड्रॉक्सियुरियाचं औषध, भरपूर पाणी, ताप येताच दवाखाना, हे सगळं आपापल्या जागी हवंच.

घरात कुणी सतत फिकं दिसत असेल, डोळे पिवळे होत असतील, सांधे ठणकत असतील, तर नागपूरच्या मेयो किंवा मेडिकल रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी करून घ्या. आणि त्या आईला माझं एवढंच सांगणं आहे : ताई, तुमच्या मायेत काही कमी नव्हतं. आता दोघींच्या गोळ्या दोन डब्यांत ठेवा आणि डब्यांवर दोघींची नावं लिहा.

(पुढच्या आठवड्यात : बी-१२. त्याची कमतरता असताना नुसतं फॉलिक घेतलं, तर रक्त सुधारलेलं दिसतं, पण नसांची हानी चालूच राहते. ती कशी, ते पाहू.)