काशीजवळच्या रानात मुलांसह एक दिवस

मुलांना घेऊन प्रवासाला निघणारे आईबाप दोन प्रकारचे असतात. घरून निघतानाच परतीच्या दिवसापर्यंतचा आखीव कार्यक्रम खिशात बाळगणारे हे पहिले. आणि तो कार्यक्रम मुलांनी वाटेतच मोडून टाकल्यामुळे शहाणे झालेले हे दुसरे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून काशीस निघालो तेव्हा मी पहिल्या वर्गात मोडत होतो. परतलो तो दुसऱ्या वर्गात. हा पालट कसा घडला ते वाचकांना सांगावेसे वाटते. त्यात एक धडा आहे, आणि तो फार स्वस्तात मिळालेला नाही.

आमचा प्रवास चाकांवरच्या घरातून होता. रात्री ज्यांची अंथरुणे होतात अशी बाके, एक लहान शेगडी, पाण्याची टाकी आणि भांड्यांचे कपाट एवढा संसार मावणारी मोटार आम्ही भाड्याने घेतली होती. अशा गाडीला आता कॅराव्हान म्हणतात. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हान पर्यटनाचे धोरण आखल्यापासून हा शब्द आपल्याकडेही रुळू लागला आहे. वस्तू मात्र अगदीच नवी नव्हे. आपले पूर्वज बैलगाडीत अंथरूण, शिधा आणि भांडीकुंडी घालूनच दूरच्या यात्रेला निघत. फरक इतकाच, की बैलांच्या गतीमुळे त्यांच्या मुलांना वाटेल तेथे उतरून गाडीबरोबर धावता येत असे. आमचा आठ वर्षांचा मुलगा आणि साडेचार वर्षांची मुलगी मात्र चार दिवस गाडीत बसून अगदी आंबून गेली होती.

काशीत दोन दिवस राहिलो. घाट पाहिले, अहिल्याबाई होळकरांनी 1780 साली पुन्हा उभारलेल्या विश्वनाथमंदिरात दर्शन घेतले. माझ्या मातोश्रींच्या मनात पंचक्रोशीची प्रदक्षिणा होती. मणिकर्णिकेपासून निघून मणिकर्णिकेलाच संपणारी ही पंचवीस कोसांची, म्हणजे सुमारे 80 किलोमीटरांची पायी यात्रा. कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा हे तिचे पाच मुक्काम. यात्रा पुरी झाली म्हणजे यात्रेकरू साक्षीविनायकाच्या दर्शनास जातात. आपण खरोखर चाललो याला कोणीतरी साक्षी हवा म्हणून! मातोश्रींच्या गुडघ्यांना ही यात्रा झेपण्यासारखी नव्हती. त्या एवढेच म्हणाल्या, "चालणं राहिलं ते राहिलं, पण साक्षीदार ठेवायची ही रीत मला फार आवडली." हे शब्द पुढे आमच्या उपयोगी पडणार होते.

तिसरा दिवस मुलांसाठी राखून ठेवला होता. काशीपासून सुमारे 70 किलोमीटरांवर, चकियाच्या पुढे, चंद्रप्रभा नावाचे अभयारण्य आहे. गंगा ओलांडून रामनगरचा किल्ला मागे टाकला, की भातशेतीचा सपाट मुलूख लागतो. चंदौली जिल्ह्याला 'धान का कटोरा' म्हणतात, ते किती खरे आहे हे तेथे डोळ्यांना दिसते. मग दक्षिणेकडे विंध्याच्या डोंगरांची रेघ उमटते, आणि जमीन पाहता पाहता खडकाळ होते. या अरण्यात राजदरी आणि देवदरी असे दोन धबधबे आहेत. 'दरी' हा शब्द ऐकून मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे नुसता खोल दरा उभा राहतो. परंतु या भागात धबधब्यांच्या नावांतच तो शब्द येतो. मिर्झापूरकडच्या एका धबधब्याचे नावही लखनियादरी असेच आहे.

मुलाला या रानाची ओढ लावण्यासाठी मी वाटेत दोन गोष्टी सांगितल्या. पहिली देवकीनंदन खत्री यांची. चकिया आणि नौगढ या बाजूच्या जंगलांचे ठेके घेणारा हा गृहस्थ रानातील जुनी खंडहरे पाहत हिंडला, आणि त्यातून त्याने गुप्त वाटा, तिलिस्म आणि वेषांतर करणारे ऐयार यांनी भरलेली 'चंद्रकांता' लिहिली. ती वाचता यावी म्हणून कित्येकांनी हिंदी शिकून घेतली असे सांगतात.

दुसरी गोष्ट सिंहांची. 1957 साली हे अभयारण्य स्थापन झाले, त्याच वर्षी गीरच्या जंगलातून एक सिंह आणि दोन सिंहिणी आणून येथे सोडण्यात आल्या. 1965 पर्यंत त्यांची संख्या 11 झाली होती.

"मग आज दिसतील?" मुलाने विचारले.

"नाही. ते पुढे नाहीसे झाले."

"नाहीसे म्हणजे? कुठे गेले? कोणी बघत नव्हतं का?"

"अरे, जंगल ते. कोण कुठे बघत बसणार?" असे म्हणून मी तो विषय तेथेच संपविला.

राजदरीशी पोहोचलो तेव्हा दहा वाजले होते. पावसाळा सरून महिना लोटला होता, तरी पायऱ्यापायऱ्यांच्या खडकावरून उतरणारे पाणी अजून भरदार होते. तेथून देवदरी प्रवाहाच्या खालच्या अंगाला अवघ्या अर्ध्या किलोमीटरावर. माझ्या कागदावर या चालण्याला वीस मिनिटे दिलेली होती. परंतु मुलांचे चालणे म्हणजे अंतर कापणे नव्हे, ही गोष्ट त्या कागदाला ठाऊक नव्हती. पहिली दहा मिनिटे एका वारुळाने घेतली. पुढे पळसाची तीन पाने एका देठावर कशी असतात, याची खात्री प्रत्येक पळसापाशी थांबून करून घेण्यात आली. मग खडे वेचणे झाले. मुलाने गुळगुळीत खडे मुलीच्या खिशांत भरले, आणि जड झालेल्या खिशांमुळे ती खालीच बसली. मी घड्याळ पाहून चरफडत होतो. ऊन चढण्यापूर्वी देवदरी गाठायचीच असा माझा हट्ट. "तुम्ही सावकाश या," असे म्हणून मी मुलाला घेऊन पुढे निघालो.

पंचवीस-तीस पावलांवर मी मागे वळून पाहिले. पत्नी मातोश्रींचा हात धरून एक अवघड पायरी उतरवीत होती. मुलगी तिच्याजवळ नव्हती.

"ती तुमच्याजवळ नाही?" पत्नीने विचारले.

"मला वाटलं, तुझ्याजवळ आहे."

"मला वाटलं, तुमच्याबरोबर पुढे गेली."

मोठी माणसे तीन आणि मूल एक. आणि तिघांनाही वाटत होते, की कोणीतरी पाहतच असेल. धबधब्याच्या आवाजात आमच्या हाका विरून जात होत्या. मी पुढे धावलो, पुन्हा मागे आलो. किती वेळ गेला कोण जाणे. घड्याळाने कदाचित चार मिनिटेच मोजली असतील. शेवटी ती मुलालाच दिसली. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तशी ती वाटेपासून दहा पावलांवर, एका मोठ्या धोंड्याच्या आड होती. तेथे एक बारीक ओहोळ वाहत होता, आणि त्यात पळसाचे एकेक पान सोडून ते कोठवर जाते हे पाहत ती पुढेपुढे सरकत होती. पंधरावीस पावलांवर तो ओहोळ कड्यावरून खाली पडत होता.

कोणी तिला रागावले नाही. रागावण्याजोगे तिने काही केलेच नव्हते. मातोश्री एका दगडावर बसल्या, आणि तिला मांडीवर घेऊन बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "सगळ्यांच्या भरवशावर सोडलेलं मूल कोणाच्याच भरवशावर नसतं. आपल्या यात्रेलाही एक साक्षीविनायक नेमा."

आम्ही तेथेच तो नेमला. देवदरीचा हट्ट सोडून दिला. गाडीतून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सावलीत बसून खाल्ली, आणि ज्याची पाळी असेल त्याने मोठ्याने "साक्षीविनायक मी" असे म्हटल्यावाचून दुसऱ्याने मुलांवरची नजर काढायची नाही, असे ठरविले. परतीची वाट आम्ही मुलीच्या पावलांनी चाललो. तिने दोन तास घेतले, आणि त्या दोन तासांत मी जेवढे रान पाहिले तेवढे एरवी कधी पाहिले नसते.

संध्याकाळी चकियाच्या पुढे गाडी उभी करून खिचडी टाकली, तेव्हा मी मुलाच्या सकाळच्या प्रश्नाकडे पुन्हा वळलो. सिंह का नाहीसे झाले याची जी कारणे अभ्यासकांनी पुढे मांडली, ती त्याला सांगितली. चंद्रप्रभेचे क्षेत्र सुमारे 78 चौरस किलोमीटर. गीरचे आजचे संरक्षित क्षेत्र 1,400 चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. एवढ्याशा रानाबाहेर पाऊल टाकलेल्या जनावराला गोळी किंवा विष यांचे भय होतेच. आणि मुख्य म्हणजे त्यांच्यावर सतत, नियमाने लक्ष ठेवण्याची व्यवस्था झाली नाही. तीनांचे अकरा झाले तेव्हा सर्वांना आनंद झाला. अकरांचे दहा, नऊ, आठ होत गेले, तेव्हा ते वेळेवर कोणाच्या ध्यानी आले नाही. 2025 च्या गणनेत गुजरातेत 891 सिंह मोजले गेले, हा तेथील दीर्घकाळच्या जागरूकतेचा पुरावा आहे. तथापि मोकळे फिरणारे आशियाई सिंह आजही त्या एकाच राज्यात आहेत. दुसरे घर वसविण्याचा चंद्रप्रभेतील तो प्रयत्न टिकला असता तर तसे नसते.

"म्हणजे त्यांना साक्षीविनायक नव्हता," मुलगा म्हणाला. सकाळी मी त्याला दिलेले उत्तर किती चुकीचे होते, हे मला तेव्हा नीट कळले.

मुलांसह अशा जागी जाणाऱ्या कुटुंबांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. वाटेचे अंतर सर्वांत लहान मुलाच्या पावलांनी मोजावे, आणि निम्मी शक्ती परतीसाठी राखून ठेवावी. भूक लागण्यापूर्वी खायला द्यावे; किरकिरीचे निम्मे कारण तेच असते. शेवाळलेल्या खडकांवर आणि प्रवाहात मुलांना उतरू देऊ नये. डोंगरात दूर कोठे पाऊस पडला किंवा वरच्या धरणातून पाणी सुटले, तर आकाश निरभ्र असतानाही प्रवाह वाढू शकतो. प्रत्येक थांब्यावर माणसे मोजावीत, आणि मुलांकडे आता कोणी पाहायचे हे नाव घेऊन ठरवावे. आणि ठरलेले ठिकाण गाठता आले नाही तर मन खट्टू करू नये. धबधबा पुढच्या वर्षीही तेथेच असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशी सोडताना साक्षीविनायकाची पाळी धाकटीची होती. दारात उभी राहून तिने बोटांवर आम्हांस मोजले: आजी, आई, बाबा, दादा आणि मी. पाच. गाडी सुरू करण्याची आज्ञा सुटणार, इतक्यात ती गंभीरपणे म्हणाली, "थांबा, चालवणारे काका राहिले!" काका पलीकडच्या टपरीवर चहा घेत होते. ते येऊन बसेपर्यंत तिने कोणाला हलू दिले नाही.